शेजाऱ्याचा कडुनिंब, आपला ऊस

आज मी औषधाचे नाव सांगणार नाही आणि खताची मात्राही सांगणार नाही. एक प्रश्न विचारणार आहे. तुमच्या शेताच्या पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला आणि दक्षिणेला कोण आहे, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. खरेदीखतातल्या चतुःसीमा आपल्याला पाठच असतात. पण या चौघांच्या बांधावर जाऊन, 'राम राम'च्या पुढे दोन शब्द निवांत बोलून किती दिवस झाले? ज्यांचे उत्तर 'कालच बोललो' असे असेल, त्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. बाकीच्यांनी जरूर वाचावा, कारण गोष्ट पिकाची आहे.

काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना. माझ्याकडच्या एका गावातून ऊसकऱ्याचा फोन आला. "साहेब, ऊस पिवळा पडायलाय. पाणी कमी नाही, खत कमी नाही. एकदा बघून जा." गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. ओढ्याकाठचे शिवार आहे आणि दोघांच्या शेतांमध्ये एक सामाईक बांध आहे, एवढे कळले म्हणजे पुरे. वरच्या अंगाला असणाऱ्यांना मी 'वरचे' म्हणतो आणि फोन करणाऱ्यांना 'खालचे'. दोघेही एकाच भावकीतले.

सरीत उतरलो, एक ऊस धरून जरा ओढला, तर तो मुळा उपटावा तसा हातात आला. खाली मुळ्याच नव्हत्या. बुडात कुदळ घातली तर पांढरट, जाडजूड, अर्धगोल वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या लोळत बाहेर आल्या. ज्यांनी ऊस किंवा भुईमूग केला आहे त्यांना ओळख सांगायला नको. हुमणी.

"औषध सांगा, आजच सोडतो," खालचे म्हणाले.

"सांगेन. पण आता अळी मोठी झालीय, औषधाला फार दाद देणार नाही. वळीव झाला तेव्हा झाडावरचे भुंगेरे गोळा केले होते का?"

त्यांनी बांधाकडे पाहिले. बांधावर चांगला डेरेदार कडुनिंब उभा होता. पानांच्या कडा अर्धचंद्रासारख्या कातरलेल्या. "झाड आमचं कुठाय? त्यांच्यात मोडतं. बांध कोरण्यावरनं झालं होतं. नऊ वर्षं झाली, आमचं बोलणं नाही."

त्यांचा निम्मा-अधिक ऊस त्या साली वाळला. वरच्यांचाही वाळला. शेजारी बोलत नाहीत म्हणून हुमणी काही एका बाजूला थांबत नाही.

भुंगेरा गट नंबर पाहत नाही

ज्यांना हुमणीचा जीवनक्रम माहीत आहे त्यांनीही हा भाग वाचावा, कारण सगळी मेख इथेच आहे.

हुमणीच्या जाती अनेक आहेत. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीची वर्षात एकच पिढी होते. भुंगेरे जमिनीत दबा धरून बसलेले असतात. वळवाचा किंवा मृगाचा पहिला बरा पाऊस झाला, जमीन ओली झाली, की संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला ते बाहेर निघतात आणि जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. तिथेच नर-मादीचे मीलन होते, तिथेच रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. मादी मातीत एकेक करून साधारण पन्नास-साठ अंडी घालते, दिसायला साबुदाण्यासारखी. दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीला ती कुजलेले सेंद्रिय पदार्थ आणि बारीक मुळ्या खाते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती तिसऱ्या अवस्थेत गेली की मग उसाचे बूड साफ करते. आपल्याला पिवळेपणा दिसतो तो तेव्हा. म्हणजे ज्या वेळी शेतकरी जागा होतो त्या वेळी काम अवघड झालेले असते.

आता हिशेब करा. जूनमध्ये झाडावरची एक मादी मारली तर ऑगस्टमधल्या पन्नास अळ्या मेल्या. आणि ती मादी मारायला काय लागते? फांदी हलवायला एक काठी, खाली अंथरायला एक जुने ताडपत्र आणि रॉकेल टाकलेल्या पाण्याची बादली. रॉकेल आता सहज मिळत नाही. साबणाच्या दाट पाण्यातही भुंगेरे बुडून मरतात. एवढ्या स्वस्तातला उपाय दुसरा नाही.

पण या उपायाला एक अट आहे. तो एकट्याने करून भागत नाही. तुमच्या बांधावरची दोन झाडे तुम्ही झाडून काढली आणि शेजारच्या बाभळीकडे कोणी फिरकले नाही, तर त्या बाभळीवरची मादी पहाटे तुमच्याच उसात उतरणार. तिला गट नंबर कळत नाही आणि पोटहिस्साही कळत नाही. शिवाय एक साल करूनही चालत नाही. सगळ्या शिवाराने मिळून सलग तीन-चार वर्षे केले तर उपद्रव आटोक्यात येतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून अळ्या-कोष उघड्यावर काढणे आणि कावळे, बगळे, साळुंक्यांना वेचू देणे, मेटारायझियम बुरशी शेणखतातून देणे ही कामे ज्याची त्याने आपल्या रानात करावीत. भुंगेऱ्यांचे काम मात्र शिवाराचे आहे.

मी कृषी पदविका करताना हे सगळे परीक्षेला लिहिले होते. 'सामुदायिक मोहीम राबवावी' हे वाक्य लिहिले की एक गुण मिळायचा. सामुदायिक म्हणजे काय, ती कोणी, कुणाला, कुठल्या तोंडाने बोलवायची, हे पुस्तकात नव्हते.

आधी हे कसे चालायचे

जुनी माणसे म्हणतील, आमच्या वेळी असे नव्हते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एखाद्याची नांगरट मागे पडली की शिवारातले लोक आपापली औते-बैल घेऊन एक दिवस त्याच्या रानात उतरत, त्याला इर्जिक म्हणत. मजुरी नाही, यजमानाने जेवण घालायचे. सावडीने भाताची लावणी अजूनही कोकणात आणि मावळात होते: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्यांच्याकडे एकेकच बैल असायचा ते दोघे मिळून जोडी करत. त्याला कुठे पैरा म्हणतात, कुठे वारंगुळा. यात उपकाराची भाषा नव्हती. हिशेब होता, फक्त तो वहीत लिहिलेला नसे.

खानदेशात तर याहून पुढची पायरी होती. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारे घालून शेकडो वर्षे फड पद्धतीने पाणी दिले जात आले. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार, ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमायची आणि त्यांचा मोबदलाही शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाटातला गाळ दरवर्षी सगळ्यांनी मिळून काढायचा. 'माझ्या रानात मी वाटेल ते पेरीन' हे तिथे चालत नसे. आणि त्याचमुळे शेवटच्या माणसालाही पाणी पोहोचे.

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना थोडे जपून गावेत, असे माझे मत आहे. इर्जिकेच्या पंगतीत सगळ्यांची पाने एका ओळीत पडत नव्हती. पारावर बसणारांत बायका नव्हत्या आणि काही वस्त्यांतल्या माणसांना पाराच्या खालीच उभे राहावे लागे. ते सगळे जसेच्या तसे परत आणा असे मी म्हणत नाही. परत आणायचे आहे ते एवढेच, की शेजाऱ्याला कामापुरते तरी आपल्याकडे हक्काने येता यावे.

हे तुटले कशाने? ट्रॅक्टर आला, इर्जिकेची गरज संपली. ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार बसली, बोअर पडली, पाण्याची पाळी शेजाऱ्याशी ठरवायचे कारण उरले नाही. लोक गावठाण सोडून रानात वस्तीला गेले, त्यामुळे संध्याकाळी पारावर टेकणे बंद झाले. रात्रीची लाईट असली की माणूस रात्रभर मोटारीवर आणि दिवसा झोपलेला. यात कुणाचा दोष नाही. प्रत्येक सोयीने थोडे थोडे भेटणे कमी केले, एवढेच.

माझी फसलेली बैठक

त्या वाळलेल्या उसानंतरच्या वर्षी मी मे महिन्यात मोठ्या उत्साहाने ग्रामपंचायतीत बैठक लावली. फळ्यावर लिहिले, दवंडीसारखे स्पीकरवरून सांगितले, भुंगेऱ्याची रंगीत चित्रे छापून आणली. सहा जण आले. त्यातले दोन ग्रामपंचायतीचे कर्मचारी. वरचे आले नाहीत, कारण खालचे येणार होते. खालचे आले नाहीत, कारण वरच्यांचा पुतण्या पंचायतीचा सदस्य. मी चित्रे दाखवली, चहा झाला, हजेरीच्या वहीवर सह्या झाल्या. कागदावर मोहीम यशस्वी.

चूक माझीच होती. मी गाव बोलावले होते. शिवार बोलवायला पाहिजे होते. हुमणीच्या दृष्टीने गाव म्हणजे काहीच नाही. ओढ्याच्या या अंगाचे पंधरा-सोळा खातेदार, त्यांचे बांध आणि बांधावरची झाडे, हेच तिचे गाव. पंधरा माणसे जमवायला ग्रामपंचायत लागत नाही. लागतो तो कोणीतरी एक, ज्याचे सगळ्यांच्या दारात जाणे आहे.

तो 'कोणीतरी' मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. वरच्यांची सून आणि खालच्यांची सून एकाच बचत गटात होत्या. पुरुष मंडळी नऊ वर्षे तोंड फिरवून होती, तेव्हा या दोघी दर महिन्याला एका सतरंजीवर बसून एकाच वहीत पैसे भरत होत्या. आंबोणाचं पोतं, भरडा, आजारी वासराला कसले औषध दिले, सगळी देवाणघेवाण चालू होती, फक्त घरात बोलत नव्हत्या. मी गटाच्या बैठकीत पंधरा मिनिटे मागून घेतली. चित्रे दाखवली नाहीत, एक काचेची बाटली नेली, तिच्यात अळ्या आणि भुंगेरे होते. "ह्यो भुंगा न् ही अळी एकच हाय व्हय?" असे एका मावशींनी विचारले आणि तिथे काम झाले. कारण भुंगेरा सगळ्यांनी पाहिलेला होता, अळीही पाहिली होती, दोन्हींचे नाते मात्र निम्म्याजणींना माहीत नव्हते.

बायकांनीच झाडांची यादी केली. कुणाच्या बांधावर किती निंब, किती बाभळी, ओढ्याच्या गायरानात किती. झाड कुणाच्या मालकीचे हा रकाना त्यांनी ठेवलाच नाही. मी विचारले तर म्हणाल्या, "तो लिहिला की भांडण सुरू."

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा ओढ्याकडेला सात-आठ बॅटऱ्या हलत होत्या. त्या वादाच्या कडुनिंबाखाली दोन्ही घरच्या सुना ताडपत्र धरून उभ्या होत्या. वरचे काठी घेऊन फांद्या हलवत होते, स्वतःच्या झाडाला दुसऱ्याने हात लावू नये म्हणून आले होते हे उघड दिसत होते. खालचे बांधाच्या आपल्या बाजूला उभे. अंधार पडल्यावर वरच्यांना वरची फांदी दिसेना. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग वरचे झाडाकडेच तोंड ठेवून म्हणाले, "आप्पा, बॅटरी जरा इकडं धरा."

नऊ वर्षांनंतरचे पहिले वाक्य एवढेच. आप्पांनी बॅटरी धरली. त्या एका झाडाखाली तासाभरात अर्धी बादली भुंगेरे पडले.

बंधूंनो, पुढे दोघे गळ्यात गळा घालून रडले, बांध सरळ झाला, असे काही झाले नाही. बांधाचा दावा आजही चालू आहे. तारखेला दोघेही जातात, वेगवेगळ्या गाडीवरून. पण दरवर्षी वळीव झाला की त्या झाडाखाली दोघे असतात. चौथ्या वर्षी त्या शिवारात हुमणी शोधावी लागली, हे मी स्वतः कुदळ मारून पाहिले आहे. पूर्ण गेली असे म्हणणार नाही. ओढ्यापलीकडच्या अंगाला मोहीम नाही, तिथून थोडी येतच राहणार.

फोनवरचा पार

दुसऱ्या वर्षी तिथल्या एका तरुण पोराने सगळ्या खातेदारांचा मोबाईलवर व्हॉट्सअॅप गट केला. मला त्यावर फारसा भरवसा नव्हता, खरे सांगतो. पहिले पंधरा दिवस सकाळी फुलांचे फोटो आणि रात्री पुढाऱ्यांचे वाढदिवस. मग खालच्यांच्या सुनेनेच नियम काढला: इथे फक्त शिवाराचे बोलायचे. भुंगेरे निघाले का, लाईट आली का, डीपी जळाला का, कुणाचे जनावर सुटले, रानडुकरे कुठून शिरली, ट्रॅक्टर कुणाच्या रानात आहे. बाकी काही टाकले तर त्याला पुढच्या बैठकीचा चहा.

आता त्या गटाचा उपयोग होतो. 'निघाले' एवढा एकच शब्द साडेसातला येतो आणि पंधरा घरांतून बॅटऱ्या बाहेर पडतात. भुंगेरे बाहेर पडण्याची वेळ जेमतेम तास-दीड तासाची महत्त्वाची, ती चुकली की दिवस गेला. हे काम दवंडीने झाले नसते. एकदा कुणाची म्हैस सुटून ओढ्यात अडकली, तेव्हाही दहा मिनिटांत माणसे जमली. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, वस्तीवरच्या एका आजोबांकडे साधा फोन आहे. त्यांना निरोप द्यायची जबाबदारी शेजारच्या घरावर नेमून दिलेली आहे, 'कळवा कुणीतरी' असे मोघम ठेवलेले नाही. दोन, त्या गटावर एकदा पाण्याच्या पाळीवरून जुंपली. लिहिलेला शब्द बोललेल्या शब्दापेक्षा जास्त लागतो. तेव्हापासून वादाचा विषय निघाला की कोणीतरी लिहितो, 'बांधावर या'. मग प्रत्यक्ष बोलतात. फोनवरची ओळख बांधावरच्या भेटीवर उभी आहे. ज्या गावांत भेट नाही तिथे नुसता फोनवरचा गट करून पाहिला, तर तो फुलांच्या फोटोंनीच भरतो. हेही मी दोन ठिकाणी पाहिले.

फक्त हुमणीपुरते नाही

कापूसवाल्यांना वेगळे सांगायला नको. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार केला, त्याच्या मुळाशी अनेक कारणे होती. दोन जनुकांच्या बीटी वाणालाही तिने दाद दिली नाही, हे एक. पण फरदड, म्हणजे डिसेंबरनंतरही पाणी देऊन उभा ठेवलेला कापूस, हेही मोठे कारण. ज्याने पऱ्हाटी वेळेत उपटली त्याच्या शेताला शेजाऱ्याच्या फरदडीवरचा पतंग येऊन त्रास देतो. एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर उपाय करा, असे आम्ही सांगतो. पण सापळ्यातला आकडा शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगितला तर तो शिवाराचा आकडा होतो, नाहीतर एकट्याची काळजी.

पाण्याचे तसेच. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाच्या ओझरच्या शेतकऱ्यांना पोहोचत नव्हते. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. टोकाकडच्यांनी सुरुवात केली, पुढे वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनाही सोबत घेतले आणि सगळा प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा झाला तो २००५ साली, म्हणजे शेजारी आधी बसले आणि कायदा नंतर आला. हिवरे बाजारला लोक पाहायला जातात ते बंधारे. मी म्हणतो, तिथे पाहायचे ते पाण्याच्या ताळेबंदाची ग्रामसभा. पाऊस किती पडला ते मांडायचे, मग कुठले पीक घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे, आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हे पाळायचे. पोपटराव पवारांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण बोअर न घेणारा प्रत्येक शेतकरी रोज शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचे नाव कुठे येत नाही.

आता गावच्या कारभाऱ्यांना आणि अधिकारी मंडळींना दोन शब्द. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, गावात मात्र अजून तलाठी भाऊसाहेबच चालते.) बांधाच्या, वाटेच्या तक्रारी तुमच्याकडे येतात तेव्हा कायद्याचे रस्ते आहेतच. बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, अडवलेली वाट किंवा पाणी मोकळे करण्यासाठी १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची पहिल्याच्या ताब्यात, असा वर्षानुवर्षांचा घोळ असेल तर त्यासाठी २०२३ साली राज्याने सलोखा योजना आणली. त्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी नाममात्र, प्रत्येकी एक हजार रुपये ठेवली. मुदतीची सद्यस्थिती आपल्या तलाठ्याकडे विचारून घ्यावी. पण या सगळ्या योजनांना दोघांची संमती लागते किंवा निदान दोघांनी एका खोलीत बसावे लागते. एका खोलीत बसायला आधी कुठेतरी एका झाडाखाली उभे राहिलेले बरे. प्रकरण कचेरीत येण्याआधी दोघांचे समान नुकसान कशात आहे ते शोधा. हुमणी असेल, रानडुक्कर असेल, जळालेला डीपी असेल. तिथून सुरुवात करा. बांधाचा विषय पहिल्या भेटीत काढू नका.

आणि ग्रामसभेवर फार विसंबू नका, असे एक कर्मचारी म्हणून जरा धीर करून लिहितो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, सभा व्हायलाच हव्यात, ठराव व्हायलाच हवेत. पण भुंगेरा १ मेची वाट पाहत नाही. शिवारनिहाय बसायला मोकळीक द्या. पंधरा-वीस खातेदार, एखादे झाड, महिन्यातून एक संध्याकाळ. इतिवृत्त नको, हार-नारळ नको. बायकांना बोलवा असे म्हणणार होतो, पण माझा अनुभव उलटा आहे: त्या आधीच बसलेल्या असतात, आपण जाऊन बसायचे असते.

येत्या हंगामासाठी करायचे काम फार थोडे आहे. वळवाच्या आधी शिवारातली निंब, बाभूळ, बोर मोजून ठेवा. प्रत्येक झाडाला दोन माणसे नेमा, शक्यतो बांधाच्या दोन बाजूंची. प्रकाश सापळा लावणार असाल तर संध्याकाळी सात ते दहा एवढाच चालू ठेवा, रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही त्यात मरतात. बादलीतले मेलेले भुंगेरे खड्ड्यात पुरा, कोंबड्यांपुढे टाकू नका, त्यात रॉकेल किंवा साबण असतो. विजा चमकत असतील तर झाडाखाली अजिबात जाऊ नका, भुंगेरे दुसऱ्या दिवशीही निघतात.

गेल्या आठवड्यात वरच्यांचा फोन आला होता. यंदा त्यांना आपल्या कडुनिंबावर बल्बचा सापळा लावायचा आहे. त्यांच्या मोटारीची पेटी लांब पडते, वायर पुरत नाही. "मग?" मी विचारले. "मग काय," म्हणाले, "आप्पांच्या पेटीवरनं घेतोय. बिलाचं तेवढं तुम्ही दोघांसमोर ठरवून द्या, नंतर कटकट नको."

शनिवारी जाणार आहे.